गोदाकाठचे याओ

कोल्हापुरात वाढलेल्या मुलाला आफ्रिका पहिल्यांदा भेटते ती पन्हाळ्यावर. १६६०च्या मार्चात सिद्दी जौहर गडाला वेढा घालून बसला, राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले आणि जुलैच्या भर पावसात महाराज विशाळगडाकडे निसटले, हे आम्हाला पाठ्यपुस्तकाच्या आधी घरातच कळलेलं असतं. शिवा काशीद आणि बाजीप्रभू यांच्यासाठी दर वेळी गळा दाटतो. पाठलागावर निघालेला सिद्दी मसूद गोष्टीत येतो आणि जातो. ही माणसं मुळात कुठली, त्यांच्या आईनं त्यांना कोणत्या भाषेत जोजवलं, हे कुणी सांगत नाही. घोडखिंडीच्या वाटेवर ते विचारायला सवडही नसते.

मला तो प्रश्न फार उशिरा पडला. त्याचा माग काढत गेलो, तो पन्हाळ्यावरून निघून थेट नाशिकला पोहोचलो.

आधी एक गुंता सोडवायला हवा. मराठीत आपण ‘हबशी’ आणि ‘सिद्दी’ हे शब्द आफ्रिकेतून आलेल्या कुणालाही सरसकट लावतो. पण हबश म्हणजे ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया. दख्खनच्या दरबारांत मोठे झालेले कितीतरी हबशी सरदार त्या बाजूचे होते. मलिक अंबर हरार भागातला, असं सहसा सांगतात. इथिओपियातली अम्हारिक ही अरबी-हिब्रूच्या कुळातली भाषा, ओरोमो ही कुशिटिक शाखेतली. त्यांचा स्वाहिलीशी फारसा संबंध नाही. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना आणि त्याच्या खाली थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत जो भाषांचा अफाट पट्टा पसरला आहे, तो वेगळाच. कॅमेरून-नायजेरियाच्या सीमेवरून चार-पाच हजार वर्षांपूर्वी निघालेले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सरकत गेले आणि जाताना आपली बोली पेरत गेले. त्यातून पाचशेच्या आसपास भाषा झाल्या: काँगोत लिंगाला आणि किकाँगो, युगांडात लुगांडा, केनियात किकुयू आणि कांबा, झिम्बाब्वेत शोना, दक्षिणेला झुलू आणि खोसा, मलावीत चेवा, मोझांबिकमध्ये माकुआ, आणि मलावी, मोझांबिक, टांझानिया या तिन्ही देशांच्या सांध्यावर याओ. पूर्व किनाऱ्यावरची स्वाहिली त्यांचीच बहीण. तिचं नावच ‘किनारे’ या अर्थाच्या अरबी शब्दावरून आलं.

या साऱ्या भाषांचं एक कूळ आहे, हे विल्हेल्म ब्लीक या जर्मन पंडितानं १८६२ साली छापलेल्या तौलनिक व्याकरणात मांडलं. ‘बांटू’ हे नाव त्यानं दिलं. झुलूत उमुंतू म्हणजे माणूस, आबांतू म्हणजे माणसं. याओत मुंदू. स्वाहिलीत म्तू, आणि अनेकवचनी वातू. मराठी माणसाला हे व्याकरण परकं वाटू नये. आपण चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल म्हणतो; नामाचं लिंग विशेषणाच्या शेपटाला चिकटतं. तिकडे हेच काम शब्दाच्या तोंडाशी चालतं: म्तू म्झुरी म्हणजे चांगला माणूस, वातू वाझुरी म्हणजे चांगली माणसं, कीतू कीझुरी म्हणजे चांगली वस्तू, वीतू वीझुरी म्हणजे चांगल्या वस्तू. आपल्याकडे प्रतिध्वनी शेवटी उमटतो, त्यांच्याकडे सुरुवातीला.

आता नाशिक. शरणपूर रोडवरून जाणारे रोज हजारो असतील. तिथल्या शोरूम, दवाखाने, क्लासेस यांच्या गर्दीत ‘शरणपूर’ या नावाकडे लक्ष जायचं कारण नाही. पण हे नाव जुन्या गावठाणाचं नाही. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम साल्टर प्राइस यांनी १८५०च्या दशकात ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. शाळा, देऊळ, सुतारशाळा, लोहारकाम असं सगळं तिथे होतं. आणि १८६०च्या सुमारास मुंबईहून तिथे आफ्रिकन मुलं-मुली येऊ लागली.

ती कशी आली, हे समजायला वारा समजावा लागतो. आपल्याकडे जो नैऋत्येचा वारा पन्हाळ्यावर धुकं आणि पाऊस ओततो, तोच एप्रिलपासून झांझिबारची गलबतं उत्तरेला अरबस्तान, इराणचं आखात आणि हिंदुस्थानाकडे लोटायचा. हिवाळ्यात ईशान्येचा वारा ती परत न्यायचा. या वाऱ्यावर लवंग, हस्तिदंत, कापड आणि खजूर फिरले, तशी माणसंही फिरली. न्यासा सरोवराभोवतालच्या मुलखातून पकडलेली माणसं किल्व्याच्या बंदरावर आणत, तिथून झांझिबारच्या बाजारात, आणि तिथून पुढे गलबतांच्या तळाशी. या व्यापारात याओ सरदार विकणारे होते आणि याओ मुलं विकली जाणारीही होती. आपल्या बाजूचंही सांगायला हवं: झांझिबारची जकात अनेक वर्षं जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे मक्त्यानं होती, आणि आतल्या मुलखात जाणाऱ्या तांड्यांना लागणारं कापड आणि कर्ज बऱ्याच अंशी हिंदी व्यापाऱ्यांचं होतं. गुलामांचा पैसा मुंबईच्या बाजारापर्यंत झिरपला होता. हे वाचताना मान खाली जाते, आणि जायलाच हवी.

१८४५च्या करारानं झांझिबारच्या सुलतानानं आपल्या आफ्रिकी मुलखाबाहेर गुलाम पाठवायला बंदी मान्य केली. कागदावरची बंदी समुद्रावर पाळली जात नव्हती, म्हणून ब्रिटिश आरमाराची जहाजं गलबतं अडवू लागली. सोडवलेली माणसं परत त्यांच्या गावी पोहोचवणं कुणाच्या मनात नव्हतं, आणि ते जमणारंही नव्हतं. सात-आठ वर्षांच्या पोरानं आपलं गाव सांगितलं, तरी ते कुठल्या नकाशावर शोधणार? त्यांना एडनला उतरवत किंवा मुंबईला आणत. मुंबईत कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग या मिशनऱ्यानं अशा मुलांसाठी आश्रम चालवला. हा इझेनबर्ग पूर्वी इथिओपियात योहान क्राफ याच्याबरोबर होता. तिथून दोघांच्या वाटा फुटल्या. इझेनबर्ग मुंबईला आला. क्राफ १८४४ साली मोम्बासाला उतरला आणि स्वाहिलीचं व्याकरण आणि कोश रचायला बसला. एकाच्या हाती भाषा लागली, दुसऱ्याच्या हाती ती भाषा हरवत चाललेली मुलं.

इझेनबर्गच्या आश्रमातली मुलं शरणपूरला हलवली गेली. तिथे त्यांना वाचन-लेखन, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जाई. शिकणं इंग्रजीतून, आजूबाजूला हिंदुस्थानी आणि मराठी. नावं बदलली. एका याओ मुलाचं नाव चेंग्विंबे होतं. नाशिकमध्ये तो मॅथ्यू वेलिंग्टन झाला. दुसरा याओ मुलगा जेकब वेनराइट झाला. आफ्रिकेत, इंग्लंडात आणि मिशनच्या कागदपत्रांत या सगळ्यांना पुढे एकच नाव पडलं: ‘नासिक बॉइज’. ज्या मुलांची गावं कुणाला सापडली नाहीत, त्यांना आपल्या गोदाकाठच्या गावाचं नाव चिकटलं. मला या गोष्टीचं सगळ्यात जास्त नवल वाटतं.

डेव्हिड लिव्हिंगस्टनचा मुंबईशी संबंध याच वर्षांतला. १८६४ साली तो ‘लेडी न्यासा’ ही छोटी आगबोट स्वतः हाकत झांझिबारहून मुंबईला आला. सुमारे अडीच हजार मैल, पंचेचाळीस दिवस, आणि पावसाळा तोंडावर. बोटीवर चुमा आणि विकातानी ही दोन याओ मुलं होती. तीन वर्षांपूर्वी शिरे नदीच्या मुलखात गुलामांच्या तांड्यातून त्यांची सुटका झाली होती. मुंबईत त्यांना डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत घालून लिव्हिंगस्टन इंग्लंडला गेला. पुढच्या वर्षी परतला, तेव्हा नाईलचा उगम शोधायची मोहीम ठरली होती. नाशिकला जाऊन त्यानं सोबतीला मुलं मागितली. नऊ जण तयार झाले.

मुंबईचे गव्हर्नर तेव्हा बार्टल फ्रिअर. या नावाला आपल्या बाजूला जुना इतिहास आहे. १८४७ साली ते साताऱ्याचे रेसिडेंट झाले आणि राज्य खालसा झाल्यावर तिथेच कमिशनर. त्यांच्या सरकारनं ‘थुले’ नावाचं जहाज झांझिबारच्या सुलतानाला भेट द्यायचं ठरवलं आणि त्याच जहाजानं १८६६च्या जानेवारीत लिव्हिंगस्टनला रवाना केलं. तेवीस दिवसांत जहाज पोहोचलं. पुढे रोवुमा नदीच्या बाजूनं आत जाताना तांडा असा होता: मुंबईच्या मरीन बटालियनचे तेरा शिपाई, कोमोरो बेटांतल्या जोहानाचे दहा जण, नाशिकचे नऊ, शुपांगाचे दोघं, आणि चुमा-विकातानी. शिवाय सहा उंट, तीन म्हशी आणि एक रेडकू, दोन खेचरं, चार गाढवं. त्से-त्से माशीच्या मुलखात ही जनावरं टिकतात का, ते लिव्हिंगस्टनला बघायचं होतं. ती टिकली नाहीत. शिपायांनीही कंटाळून पाय ओढायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना परत पाठवण्यात आलं. नाशिकच्या मुलांबद्दलही रोजनिशीत तक्रारी आहेत. ती कामचुकार आहेत, शिपायांच्या नादी लागतात, असं तो लिहितो. मला मात्र वाटतं, लहानपणी ज्या वाटेवरून दोरखंडानं बांधून नेलं, त्याच वाटेवर उलट दिशेनं चालताना पाय जड होणं साहजिक होतं. लिव्हिंगस्टनला हे दिसायला हवं होतं, आणि कधी कधी दिसलंही.

१८६६च्या जुलैमध्ये तांडा माताका या याओ सरदाराच्या गावी पोहोचला. गावाचं नाव म्वेंबे. स्वाहिलीत म्वेंबे म्हणजे आंब्याचं झाड, आणि फळाला एंबे म्हणतात. हा शब्द आपल्याच बाजूच्या आंब्यापासून तिकडे गेला, असं सहसा मानतात. त्या गावात एक गोष्ट घडली. लिव्हिंगस्टननं ती थोडक्यात नोंदवली आहे, पण माझ्यासाठी ती या सगळ्या इतिहासाचं काळीज आहे.

नाशिकच्या नऊ जणांत एब्राहम नावाचा तरुण होता. बघ्यांच्या गर्दीतून कुणीतरी त्याला हाक मारली. तो जवळ गेला, दोघं बोलू लागले, आणि कळलं, की हाक मारणारा त्याचा मामा किंवा काका आहे. इंग्रजीत दोन्ही नात्यांना एकच शब्द असल्यानं लिव्हिंगस्टनच्या नोंदीवरून नेमकं ठरवता येत नाही. पण याओंमध्ये कुळी आईकडून चालते आणि तिच्या भावाचा मान मोठा असतो, म्हणून मला तो मामाच वाटतो. त्यानं सांगितलं, की तुला नेल्यावर तुझी आई आणि दोन्ही बहिणीही अरबांना विकल्या गेल्या. राहा इथे, म्हणून त्यानं आग्रह धरला. दुसऱ्या नातेवाइकानं धरला. स्वतः माताकानं सांगून पाहिलं. लिव्हिंगस्टननंही समजावलं, काही महिने निभावतील एवढं सामान तो द्यायला तयार होता. एब्राहमचं उत्तर एकच होतं: जिथे माझी आई नाही आणि बहीण नाही, तिथे मी राहू कसा?

हा संवाद कोणत्या भाषेत झाला असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. लिव्हिंगस्टन दुभाष्याचा उल्लेख करत नाही. म्हणजे मुंबई, शरणपूरची शाळा, इंग्रजीची पुस्तकं, नाशिकचा बाजार, इतकं सगळं मधे येऊनही एब्राहमला आपल्या माणसाची याओ कळली, आणि त्याच भाषेत त्याला ‘नाही’ म्हणता आलं. त्याची भाषा शिल्लक होती, पण ती बोलायला घर शिल्लक नव्हतं. काही आठवड्यांनी सरोवराच्या दक्षिणेला विकातानीला आपले नातलग भेटले आणि तो तिथेच राहिला. चुमा मात्र पुढे चालत राहिला.

१८७२ साली आणखी सहा नाशिककर लिव्हिंगस्टनपाशी पोहोचले. त्यांत जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि कॅरस फरार होते. १ मे १८७३च्या पहाटे चितांबो सरदाराच्या गावी, आजच्या झांबियात, लिव्हिंगस्टन बिछान्याशेजारी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत सापडला. पुढे जे झालं, ते या माणसांनी स्वतःच्या निर्णयानं केलं. फरीजाला या झांझिबारकडच्या माणसाला एका डॉक्टरकडे नोकरी केल्यामुळे थोडी माहिती होती; त्यानं आणि कॅरसनं प्रेत उघडलं, काळीज झाडाखाली पुरलं, आणि देह मिठात, उन्हात सुकवला. पुरताना प्रार्थना जेकबनं वाचली. झाडाच्या खोडावर अक्षरंही त्यानंच कोरली. तो खोडाचा तुकडा आज लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे आहे. शरणपूरच्या फळ्यावर गिरवलेली अक्षरं मध्य आफ्रिकेतल्या एका झाडाच्या सालीत उतरली. मग चुमा आणि शुपांगाहून आलेला सुसी यांच्या पुढाकारानं तांडा हजार मैलांहून अधिक चालत १८७४च्या फेब्रुवारीत बागामोयोच्या किनाऱ्याला लागला. जेकब शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला, आणि १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर ॲबीत पेटीला हात लावणाऱ्यांत तो होता.

दरम्यान, फ्रिअर गव्हर्नरपद सोडून इंग्लंडला गेले होते. १८७२ साली सरकारनं त्यांना झांझिबारला पाठवलं. तिथला सुलतान बरगश. भावाविरुद्ध बंड केल्यामुळे त्यानं तरुणपणी दोन वर्षं मुंबईत हद्दपारीत काढली होती. आढेवेढे घेत, आरमाराच्या धाकाखाली, त्यानं ५ जून १८७३ला करारावर सही केली आणि झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. आता सुटलेल्या माणसांना हिंदुस्थानात आणायची गरज उरली नाही. त्यांची सोय आफ्रिकेतच करायची ठरली. या कामाला पाठवले गेले तेच साल्टर प्राइस, शरणपूरचे. मोम्बासा बेटासमोरच्या मुख्य भूमीवर त्यांनी वसाहत घातली आणि तिचं नाव ठेवलं फ्रिअरटाउन.

वसाहत चालवणारे होते नाशिकचे. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ सालीच मोम्बासाजवळच्या राबाईला गेले होते. जॉर्ज डेव्हिडही त्या पहिल्या पिढीतला. त्यांना ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणत. शिक्षक, सुतार, लोहार, दुभाषे, सगळं तेच. राबाईत त्यांच्याआधी योहानेस रेबमान हा मिशनरी एका न्यासा गुलामाला समोर बसवून त्याच्या भाषेचा कोश लिहीत होता. तो कोश रेबमानच्या मृत्यूनंतर, १८७७ साली छापला गेला. म्हणजे याओ, न्यासा, माकुआ, न्यिका अशा कितीतरी बोलींची माणसं या पंचक्रोशीत एकत्र आली होती. त्यांना जोडणारी भाषा स्वाहिलीच होऊ शकत होती, आणि झाली. बाँबे आफ्रिकनांपैकी अनेकांना ती इथे येऊन नव्यानं अंगवळणी पाडावी लागली. गोऱ्या मिशनऱ्यांशी त्यांचे पगारावरून आणि मानापानावरून खटके उडाले. आपण कमी नाही, हे शिक्षणानं त्यांना शिकवलं होतं. जोन्सची कुवत १८८५ साली दिसली. बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेल्यावर उरलेला तांडा त्यानं राबाईला सुखरूप परत आणला.

फ्रिअरटाउनमध्ये एक घंटा टांगली होती. गुलाम पकडणाऱ्यांची टोळी दिसली, की ती वाजवत. स्वाहिलीत घंटेला केंगेले म्हणतात, आणि शब्दाला ‘नी’ जोडला, की ‘च्या ठिकाणी’ असा अर्थ होतो; आपल्या ‘घरी’, ‘दारी’ यातल्या ईकाराचं जे काम, तेच त्याचं. म्हणून त्या जागेचं नाव केंगेलेनी पडलं. आज तो मोम्बासातला वर्दळीचा नाका आहे, आणि घंटेची कमान अजून उभी आहे. याच वसाहतीत वाढलेल्या जेम्स म्बोटेलानं १९३४ साली ‘उहुरू वा वातुम्वा’ हे पुस्तक स्वाहिलीत लिहिलं. नावाचा अर्थ ‘गुलामांचं स्वातंत्र्य’. त्याचे वडील असेच सोडवून आणलेले होते.

स्वाहिलीत आपल्या बाजूचे शब्द आजही सापडतात: गाडीला गारी, गोणीला गुनिया, लाखाला लाकी, पैशाला पेसा, विम्याला बिमा, धोब्याला डोबी. कोशिंबिरीसारखा कांदा-टोमॅटो चिरून ते त्याला काचुंबारी म्हणतात. मक्याला तर महिंदी म्हणतात, म्हणजे हिंदचं धान्य. उलट दिशेनं आलेले शब्द मराठीत शोधावे लागतात. गुजरातच्या सिद्दींचं गोमा नृत्य म्हणजे स्वाहिलीचा न्गोमा, ढोल आणि नाच दोन्ही. आमच्या कोल्हापूरला यापेक्षा जवळ कर्नाटकातली हल्याळ आणि यल्लापूर. तिथल्या जंगलकडेच्या वाड्यांत राहणारे सिद्दी प्रामुख्यानं पोर्तुगीज गोव्यातून निसटलेल्यांचे वंशज. ते आपसांत कोकणी बोलतात, बाजारात कन्नड आणि मराठी. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं भारतातल्या सिद्दींचं नातं पूर्व आफ्रिकेतल्या बांटू भाषकांशी जोडलं. भाषा गेली होती, रक्तात खूण राहिली होती. २०२० साली त्यांच्यातले शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले.

नावं फक्त माणसांचीच बदलली, असं नाही. शाहू महाराजांच्या आणि राजाराम महाराजांच्या काळात कोल्हापूरच्या संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत, आणि देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ते केनियाहून आणत. तिकडे त्या जनावराला दुमा म्हणतात. बोटीतून उतरून करवीरला पोहोचेपर्यंत दुमा मागे राहिला आणि चित्ता झाला. चित्तेवानांच्या हाकेला तो मराठीतच वळू लागला.

चेंग्विंबे, म्हणजे मॅथ्यू वेलिंग्टन, लिव्हिंगस्टनचा देह किनाऱ्याला पोहोचवून पुढे मोम्बासाकडेच स्थिरावला. म्हातारपणी पाहुणे त्याला भेटायला येत, कारण लिव्हिंगस्टनबरोबर चाललेल्यांपैकी तो शेवटचा हयात माणूस मानला जाई. ते त्याला लिव्हिंगस्टनबद्दल विचारत. १९३५ साली तो गेला.